म्यूझस्कोअर ४ : सिंफनी लिहायला भरवशाचं, ऐकायला फसवं

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांच्या वरच्या थिअरी ग्रेडला पोचलेल्या पुण्यातल्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो. चार ओळींचा कोराल (चार आवाजांची प्रार्थना) वहीत लिहून होतो, पण वीस-बावीस ओळींचा ऑर्केस्ट्राचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकाखाली एक लिहिलेलं संगीत, लिहायचा कशात? बँडमास्तरांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त त्यांची वाद्यं वेगळी. दोघांनाही आमचं उत्तर म्यूझस्कोअर ४ हे संगणकावर संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर हेच आहे. हे परीक्षण ४.५ आवृत्तीवर आणि विंडोजवर आधारलेलं आहे. लिहिणं, सुधारणं, पार्ट (प्रत्येक वादकाचा वेगळा कागद) काढणं या कामांत हे सॉफ्टवेअर विकतच्या सॉफ्टवेअरच्या जवळपास जातं. त्याचं प्लेबॅक मात्र इतकं गोड आहे की शिकणाऱ्याचं त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ते कसं, हे पुढे सविस्तर येईल.

आधी एक घोळ मिटवू. ‘म्यूझस्कोअरला पैसे पडतात’ असं अनेकजण सांगतात, कारण ते डॉट कॉमच्या साइटवर जातात. तिथे लोकांनी चढवलेले स्कोअर आहेत आणि सभासदत्व विकलं जातं. सॉफ्टवेअर डॉट ऑर्गच्या साइटवर आहे, पूर्ण मोफत आहे, आणि वाद्यसंख्येवर कसलीही मर्यादा नाही. सिंफनीसाठी हा शेवटचा मुद्दा मोलाचा, कारण इतर कंपन्यांच्या मोफत आवृत्त्या नेमक्या तिथेच हात आखडता घेतात. फिनाले या अशाच विकतच्या सॉफ्टवेअरवर वाढलेल्या जुन्या मंडळींनीही आता इकडे बघायला हरकत नाही. फिनालेचं काम थांबवत असल्याचं मेकम्युझिकने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. फिनाले चालू आहे तोवर जुन्या फायली म्यूझिकएक्सएमएलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या रूपात) काढून ठेवा. सूर, लय, खुणा नीट येतात, पानाची मांडणी मात्र विस्कटते आणि ती हाताने लावावी लागते.

म्यूझ साउंड्स हा आवाजांचा संच वेगळा, म्यूझ हब या अ‍ॅपमधून डाउनलोड करावा लागतो. तोही मोफत आहे, पण कित्येक जीबींचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नाद करू नका. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्ट्रिंग क्वार्टेट मजेत चालतं, पण पूर्ण ऑर्केस्ट्रा लावला की आवाज तुटतो, कारण प्रत्येक वाद्याचे नमुने रॅममध्ये ठेवले जातात. १६ जीबी असेल तर बरं. नसेल तर लिहिताना ‘प्लेबॅक सेटअप’मधून एमएस बेसिक हा साधा आवाजसंच निवडा आणि म्यूझ साउंड्स शेवटी ऑडिओ फाइल काढायची असेल तेव्हाच लावा. एमएस बेसिक हलकं आहे, ऐकायला रुक्ष आहे, आणि शिकणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडतं.

नवा स्कोअर उघडताना टेम्प्लेटमधून सुरुवात करा. क्लासिकल ऑर्केस्ट्रा, सिंफनी ऑर्केस्ट्रा, कॉन्सर्ट बँड, ब्रास बँड असे तयार साचे आहेत. ओळींचा क्रम, कंस, क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची सूर ठरवणारी खूण) सगळं लावलेलं मिळतं. एकेक वाद्य निवडत बसलात तर व्हायोला ट्रेबल क्लेफमध्ये लिहिण्यासारख्या चुका सुरुवातीलाच शिरतात.

इथे पहिली मोठी अडचण ट्रान्सपोझिंग वाद्यांची, म्हणजे ज्यांच्या कागदावर एक सूर असतो आणि कानावर दुसरा येतो. हार्मोनियमवर वाढलेल्या माणसाला ती पट्टीच्या भाषेत पटकन कळते. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असेल तर कानावर येते काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनवाल्याचा ‘सी’ काळी दोन देतो, तोही लिहिल्यापेक्षा मोठ्या सहाव्याने खाली. एफ हॉर्नचा ‘सी’ पांढरी चार देतो, पाचव्याने खाली. खालच्या पट्टीतल्या ‘कॉन्सर्ट पिच’ बटणाने दोन्ही रूपं बघता येतात. ते चालू असेल तेव्हा सगळ्या ओळी खऱ्या सुरात दिसतात, बंद केलं की वादकाला जसं दिसेल तसं. चुकण्याची जागा इथेच आहे. छापील स्कोअर उतरवताना बटण चालू राहिलं तर क्लॅरिनेटची अख्खी ओळ एका स्वराने वर वाजते, आणि पहिल्या चार बारांत (बार म्हणजे तालाचं एक घर) ती विचित्र हार्मनी मूळ संगीतकाराचीच असावी असं वाटत राहतं. छापील पान उतरवताना बटण बंद, स्वतःचं लिहिताना चालू, एवढा नियम पाळला की पुरे.

छापील स्कोअर जसाच्या तसा उतरवणं हा अभ्यासाचा सगळ्यात जुना मार्ग, आणि या सॉफ्टवेअरचा सर्वात चांगला उपयोगही तोच. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची पहिली हालचाल (मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा एक भाग) घ्या. ती कॉपीराइटबाहेर आहे, स्कोअर सहज मिळतो. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रंपेट यांच्या जोड्या, टिंपनी आणि स्ट्रिंग्जच्या पाच ओळी, म्हणजे एकूण १२ ओळी. एक्स्पोझिशन, म्हणजे विषय मांडणारा सुरुवातीचा तुकडा, १२४ बारांत संपतं, तेवढंच उतरवा. साच्यातले हॉर्न एफचे आले तर डावीकडच्या वाद्यांच्या पॅनेलमध्ये ‘रिप्लेस इन्स्ट्रुमेंट’ करून ई फ्लॅटचे घ्या, कारण मूळ स्कोअरमध्ये ते तसे आहेत. ट्रंपेट सी मधले, टिंपनी सी आणि जीला लावलेली. सी मायनरची तीन फ्लॅटची पट्टी क्लॅरिनेटच्या ओळीत एकाच फ्लॅटची दिसेल. ती चूक नाही, त्याच्या दृष्टीने तो डी मायनर आहे.

या कसरतीचं फळ पुढे मिळतं. दुसऱ्या विषयाची हाक ५९ व्या बारापासून हॉर्न देतात. तीच हाक रीकॅपिट्युलेशनमध्ये (विषय परत येतात त्या तुकड्यात), ३०३ व्या बारापाशी, बसूनकडे गेलेली दिसते. तिथे पट्टी सी मेजर झालेली असते आणि त्या काळच्या बिनव्हॉल्व्हच्या ई फ्लॅट हॉर्नला ते सूर नीट निघत नव्हते. आज काही कंडक्टर ती हाक हॉर्नलाच परत देतात. वाचताना ही गोष्ट नजरेतून सुटते, पण ओळ ओळ टाइप करताना बोटं आपोआप हॉर्नच्या ओळीवर जातात, तिथे विराम दिसतो, आणि मग प्रश्न पडतो. ऑर्केस्ट्रेशन शिकायची याहून स्वस्त पद्धत नाही.

टायमिंगचा हिशोबही इथेच करून बघा. बेथोव्हनने मिनिटाला १०८ हाफ नोटची गती दिली आहे, म्हणजे १०८ बार, कारण इथे एका बारात एकच हाफ नोट मावते. हालचाल ५०२ बारांची, एक्स्पोझिशनची पुनरावृत्ती धरून ६२६. भागाकार केला तर सहा मिनिटांच्या आत उरकायला हवी. प्रत्यक्ष मैफलीत ती सात मिनिटांच्या पुढे जाते, कारण फर्माटा (सूर लांबवायच्या खुणा) आहेत आणि बहुतेक कंडक्टर थोडे सावकाश जातात. सॉफ्टवेअरमधली फर्माटा किती ताणायची ते प्रॉपर्टीज पॅनेलमधल्या ‘टाइम स्ट्रेच’ने ठरतं. मुळात जी किंमत असते ती बहुतेक वेळा तोकडी वाटते.

टाइप करण्याचा वेग कीबोर्डवर अवलंबून आहे. एन दाबून लिहायला सुरुवात, ५ म्हणजे क्वार्टर, ४ म्हणजे एट्थ, ६ म्हणजे हाफ, मग सुरांची अक्षरं. वर-खाली बाणांनी अर्धस्वर, कंट्रोलसह बाणांनी सप्तक. आर दाबलं की निवडलेला तुकडा पुढे पुन्हा उमटतो, जे दाबलं की डी शार्पचा ई फ्लॅट होतो. माउसने एकेक सूर टाकणारा माणूस सिंफनीपर्यंत पोचत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

स्वतःची रचना मात्र थेट २२ ओळींत लिहू नका. चार ओळींचा शॉर्ट स्कोअर करा: सुरावट, मधली हालती साथ, भरणीचे सूर, बास. हालचाल शेवटपर्यंत तिथे पुरी करा. मग ऑर्केस्ट्राच्या फाइलमध्ये एकेक ओळ चिकटवत जा. चार सुरांची कॉर्ड चार ओळींत वाटायची असेल तर ‘टूल्स’मधलं ‘एक्स्प्लोड’ वापरा. वरचा सूर वरच्या ओळीला, खालचा खालच्या ओळीला, आपोआप. ‘इम्प्लोड’ उलटं करतं आणि उतरवलेल्या स्कोअरची हार्मनी तपासायला फार कामाचं आहे. एक्स्प्लोड आंधळं असतं, हे मात्र ध्यानात ठेवा. दुसऱ्या ओबोला सगळ्यात खालचा बी फ्लॅट पियानिसिमोमध्ये (अगदी हळू) देऊन मोकळं होतं, आणि त्या पट्ट्यात ओबो जाड, मोठा वाजतो, हळू वाजायला तयारच नसतो.

आता मूळ तक्रार. म्यूझ साउंड्सचं प्लेबॅक रेकॉर्डिंग केलेल्या नमुन्यांवर चालतं आणि सगळे वादक उत्तम, सगळे ताजेतवाने, सगळे मायक्रोफोनपासून सोयीच्या अंतरावर आहेत असं धरून चालतं. परिणाम असा की फ्लूटचा खालचा ‘सी’ तीन ट्रॉम्बोनच्या फोर्टेमधूनही (मोठ्या आवाजातूनही) ऐकू येतो. खऱ्या सभागृहात तो शून्य. ऑर्केस्ट्रेशनच्या वर्गात शिकवला जाणारा जुना हिशोब असा: फोर्टेमध्ये एक ट्रंपेट किंवा ट्रॉम्बोन म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन वुडविंड. म्हणजे एका ट्रंपेटसमोर चार वुडविंड उभे करायला हवेत. पियानोमध्ये, म्हणजे हळू वाजवताना, सगळे जवळपास सारखे. हा हिशोब कागदावर लावून बघा, मिक्सरच्या पट्ट्यांवर लावू नका. फ्लूट ऐकू येत नाही म्हणून मिक्सरमध्ये वाढवला तर चूक स्कोअरमध्येच राहते, फक्त आपल्याला ऐकू येणं बंद होतं.

सॉफ्टवेअर पल्ल्याच्या बाहेरचे सूर रंगवून दाखवतं. हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरचा सूर गढूळ पिवळा, व्यावसायिकाच्याही बाहेरचा लाल. सोय चांगली आहे, पण पल्ल्यातलं सगळं वाजतंच असं नाही. साध्या टेनर ट्रॉम्बोनवर बास क्लेफमधल्या दुसऱ्या रेषेचा बी फ्लॅट पहिल्या पोझिशनला येतो आणि त्याच्याच वरचा बी नॅचरल सातव्या पोझिशनला. दोघांत झटपट ये-जा लिहिली तर स्लाइड पूर्ण हातभर पळवावी लागते. स्क्रीनवर दोन्ही सूर काळेभोर, प्लेबॅक लोण्यासारखं. (मिरवणुकीच्या बँडमधल्या व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनला ही अडचण नसते.) व्हायोलिनला सगळ्यात खालचा जी आणि त्याच्या वरचा बी एकत्र देता येत नाही, कारण दोन्ही एकाच तारेवर आहेत. हार्पला भराभर क्रोमॅटिक सूर देता येत नाहीत. पायाने पेडल बदलायला वेळ लागतो. टिंपनीचंही तसंच. यातलं काहीही सॉफ्टवेअर सांगत नाही. आणि श्वास! टिउबाला फोर्टिसिमोमध्ये सलग आठ बार धरून ठेवलेले सूर संगणक न दमता वाजवतो. प्रिंट काढून पेन्सिलने प्रत्येक फुंकून वाजवायच्या वाद्याला श्वासाच्या जागा खुणवल्याशिवाय पान पक्कं समजू नये.

प्लेबॅकमधली आणखी एक ठेच. ‘पिझ.’ (तार बोटाने छेडा) हा शब्द साध्या स्टाफ टेक्स्टने लिहिला तर कागदावर दिसतो, वाजत नाही. तो पॅलेटमधून घ्यायचा, आणि नंतर ‘आर्को’ही (पुन्हा गजाने) पॅलेटमधूनच. आर्को राहिला की पुढचं सगळं चेलोचं गाणं टकटक वाजत जातं. एखादं वाद्य म्यूझ साउंड्समध्ये नसेल तर ती ओळ गुपचूप एमएस बेसिकवर पडते, आणि मग एक वाद्य रेकॉर्डिंगसारखं, शेजारचं कॅसिओसारखं. मिक्सरमध्ये प्रत्येक ओळीसमोर कोणता आवाज लागलाय ते एकदा वरून खाली बघून घ्या. बँडच्या स्कोअरमध्ये हे जास्त होतं.

रागावर आधारलेली संथ हालचाल लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात: एखाद्या सुराला प्रॉपर्टीजमध्ये सेंटच्या (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाच्या) हिशोबात चढवता-उतरवता येतं, पण दरबारीचा आंदोलित गंधार त्याने साधत नाही. ते काम वादकाला शब्दांत सांगा आणि प्लेबॅककडून अपेक्षा सोडा.

बँडसाठी लिहिणाऱ्यांनी सिंफनी फक्त ऑर्केस्ट्राची असते हा समज आधी सोडावा. बर्लिओझची अंत्ययात्रा आणि विजयाची सिंफनी १८४० मध्ये मोकळ्या रस्त्यावरच्या मिलिटरी बँडसाठी लिहिली गेली. हिंडेमिथची बी फ्लॅट सिंफनी १९५१ ची, पर्सिकेटीची सहावी १९५६ ची, दोन्ही कॉन्सर्ट बँडच्या. उतरवण्याच्या अभ्यासासाठी मात्र होल्स्टचा ई फ्लॅटमधला पहिला सूट घ्या, १९०९ चा. त्यातला शाकोन नावाचा भाग आठ बारांच्या एकाच विषयावर उभा आहे. तो विषय बासकडून वर कसा चढतो आणि प्रत्येक फेरीत रंग कसा बदलतो, हे ओळ ओळ दिसतं.

ऑर्केस्ट्राची रचना बँडसाठी करताना पहिला निर्णय पट्टीचा. व्हायोलिनला डी मेजर आवडतो, मोकळ्या तारा गुंजतात. पण पांढरी दोनची ती पट्टी बी फ्लॅट क्लॅरिनेटला चार शार्पचा ई मेजर आणि आल्टो सॅक्सला पाच शार्पचा बी मेजर होते. अर्धा स्वर वर सरका, काळी दोनवर. क्लॅरिनेटला एफ, सॅक्सला सी, आणि अख्ख्या बँडचे चेहरे खुलतात. म्यूझस्कोअरमध्ये हे सगळं निवडून ‘ट्रान्सपोज’ केलं की दोन सेकंदांचं काम. नंतर पल्ला पुन्हा तपासा.

मग वाटप. पहिलं व्हायोलिन पहिल्या क्लॅरिनेटला, व्हायोला तिसऱ्या क्लॅरिनेटला किंवा आल्टो सॅक्सला, चेलो युफोनियम आणि टेनर सॅक्सला, डबल बास टिउबाला. सरळ चिकटवून भागत नाही. स्ट्रिंग्जचा ट्रेमोलो (गज भराभर पुढेमागे करून थरथरवलेला सूर) बँडला झेपत नाही. त्याऐवजी कॉर्डमधल्या दोन सुरांची लाटेसारखी ये-जा द्या आणि दोन वादकांना उलट-सुलट वाटा. क्लॅरिनेटच्या लिहिलेल्या बी फ्लॅट आणि बी नॅचरलच्या मधला सांधा, स्टाफच्या मधल्या रेषेवर, वेगात ओलांडायला अवघड असतो. व्हायोलिनला ही अडचण माहीतच नाही, म्हणून तिथे वळणारी सोळाव्यांची ओळ एका ठिकाणी तोडून दुसऱ्या क्लॅरिनेटकडे द्या.

साच्यातला ‘ब्रास बँड’ बघून आपल्याकडचे मास्तर गोंधळतील. तो ब्रिटिश पद्धतीचा आहे: एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लूगल, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बास, मिळून २५ जण, वर तालवाद्यं. बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळे ट्रेबल क्लेफमध्ये वाचतात, अगदी बी फ्लॅट बासही, ज्याचा सूर लिहिल्यापेक्षा दोन सप्तकं आणि एक स्वर खाली येतो. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट असतात आणि बरेच वादक कानावर वाजवतात. त्यांच्यासाठी ‘स्मॉल कॉन्सर्ट बँड’ घेऊन नको ती वाद्यं काढून टाका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारख्या लष्करी बँडची जडणघडण कॉन्सर्ट बँडच्या जास्त जवळची.

पार्ट काढणं हे म्यूझस्कोअरचं बलस्थान. ‘पार्ट्स’ बटण दाबलं की सगळ्यांचे पार्ट तयार, ट्रान्सपोझ झालेले, रिकामे बार एकत्र केलेले. स्कोअरमध्ये सूर बदलला की पार्टमध्येही बदलतो. दोन जागी अडतं. दोन फ्लूट एका ओळीवर लिहिले असतील तर वेगळे पार्ट काढायला दोघांना वेगवेगळ्या व्हॉइसमध्ये लिहावं लागतं, आणि एकत्र वाजवायचे सूरही दोन्हींत टाकावे लागतात. दोघांना वेगळ्या ओळी द्या, स्कोअर उंच झाला तरी चालेल. वेगळे वादक आपोआप एका ओळीत आणणारी सोय डोरिको प्रो या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ पासून आहे, आणि व्यावसायिक कामासाठी तिथे पैसे वसूल होतात. दुसरी अडचण क्यूची. तीस बार गप्प बसलेल्या ट्रॉम्बोनवाल्याला आधीची ओबोची ओळ लहान अक्षरात हवी असते. ती कॉपी करून लहान करा आणि तिचा आवाज बंद करा. पण पार्टमध्ये टाकलेली ओळ मूळ स्कोअरमध्येही उमटते, म्हणून स्कोअरची शेवटची पीडीएफ आधी काढा, मगच क्यू टाका, तेही फाइलच्या वेगळ्या प्रतीत.

पान उलटण्याच्या जागा सॉफ्टवेअर पाहत नाही. उजव्या पानाच्या शेवटी निदान चार रिकामे बार येतील असं एंटरने ओळ आणि कंट्रोल-एंटरने पान तोडा. १२० च्या गतीत ४/४ चे चार बार म्हणजे आठ सेकंद. तेवढ्यात क्लॅरिनेटवाला पान उलटून वाद्य परत तोंडाशी आणू शकतो.

शेवटी छपाई. २२ ओळींचा स्कोअर ए-४ वर बसवला तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १२ मिलिमीटर येतात, त्यात पाच रेषांची पट्टी (स्टाफ) साडेतीनची. कंडक्टरला दिसणार नाही. ए-३ उभं घ्या, ‘पेज सेटिंग्ज’मध्ये स्टाफ स्पेस, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर, १.२५ ठेवा, म्हणजे पट्टी ५ मिलिमीटरची होते आणि डायनॅमिक्सला जागा राहते. पार्ट ए-४ वर, स्टाफ स्पेस मूळचा १.७५, पट्टी ७ मिलिमीटर. आप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याला पीडीएफ देताना ‘फिट टू पेज’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ हवं असं तोंडाने सांगा, नाहीतर ठरवलेलं माप बदलून येतं. कागद ८० जीएसएमचा नको, १०० चा घ्या, मागची शाई दिसत नाही आणि पंख्याखाली पान उडत नाही. शीर्षक देवनागरीत असेल तर फाँट स्वतः निवडून पीडीएफमध्ये जोडाक्षरं तपासा, आणि पहिला फक्त एकच पार्ट छापून स्टँडवर हातभर अंतरावरून वाचून बघा.